किडनीची ब्रश बॉर्डर वेगळी करताना

पीएचडीला नुकते लागलेले बरेच जण आधी प्रोटोकॉल पाठ करतात. करा, पण त्यात मॅग्नेशियम कशाला, हे आधी समजून घ्या. प्रॉक्झिमल ट्युब्यूलच्या (किडनीतल्या नळीच्या सुरुवातीच्या भागाच्या) पेशीची लघवीकडची बाजू म्हणजे ब्रश बॉर्डर, रक्ताकडची बेसोलॅटरल. होमोजेनेटमध्ये (वाटलेल्या किडनीच्या लगद्यात) १०-१२ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालून बर्फात ठेवलं की इतर पटलांच्या (मेम्ब्रेनच्या) गुठळ्या होतात; ब्रश बॉर्डर सुटी राहते. कमी वेगाच्या स्पिनला गुठळ्या तळाशी बसतात, वरचा द्रव मग ३०,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ३०,००० पट जोराने) फिरवायचा, की ब्रश बॉर्डर तळाशी बसते. बूथ आणि केनी यांनी १९७४ साली सशाच्या किडनीवर ही पद्धत दाखवली. आम्ही खाटकाकडून बोकडाच्या ताज्या किडन्या बर्फात आणायचो.

कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) कापताना हात सैल सोडू नका. मेड्युलाचा (आतल्या थराचा) बाहेरचा भाग आला की त्यातल्या नळ्यांचं सोडियम-पोटॅशियम एटीपेज, म्हणजे बेसोलॅटरल पटलावरचं एन्झाइम, तेही येतं, आणि पुढे आकडे बिघडतात. शेवटच्या पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या गाळात) मधोमध तपकिरी, घट्ट ठिपका दिसतो, तो मुख्यतः मायटोकॉन्ड्रियाचा. भोवतालचा पांढुरका, भुसभुशीत थर तेवढा पिपेटने हलकेच उचलायचा. ठिपक्याचा मोह नको, प्रोटीन कमी भरलं तरी चालेल.

खरं काम यानंतरचं. पेलेट मिळाला म्हणजे ब्रश बॉर्डर मिळाली असं नाही. ब्रश बॉर्डरची खूण असलेलं एन्झाइम, म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज किंवा गॅमा-जीटी, दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे होमोजेनेटच्या दहापटीच्या आसपास वाढायला हवं. एटीपेज आणि सक्सिनेट डिहायड्रोजिनेज (मायटोकॉन्ड्रियाचं एन्झाइम) मात्र फारसं वाढता कामा नये. त्यासाठी फेकायचे वाटणारे सगळे भागही जपून ठेवा. सगळ्या भागांतल्या एन्झाइमची बेरीज होमोजेनेटशी जुळली नाही, तर ती दहापट मला तरी पटत नाही.

एटीपेज कमी दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. बंद व्हेसिकलमध्ये (पटलाच्या बारीक पिशवीत) एटीपी आणि औबेन (हे एटीपेज थांबवणारं रसायन) दोन्ही हव्या त्या बाजूला पोचत नाहीत, म्हणून थोडं डीऑक्सिकोलेट (पटल उघडणारा डिटर्जंट) लावून पुन्हा मोजा. हे मोजमाप सुटलेल्या फॉस्फेटचं असतं, त्यामुळे फॉस्फेट असलेल्या साबणाने धुतलेल्या टेस्ट ट्यूब चालत नाहीत. प्रोटीन मोजायला लाउरीची चाचणी करणार असाल तर बफरमधलं ट्रिस आड येतं. स्टँडर्डही त्याच बफरमध्ये बनवा.

व्हेसिकल खरोखर बंद आहेत का, हे ग्लुकोज सांगतं. बाहेर सोडियम जास्त ठेवलं की आतलं ग्लुकोज काही काळ समतोलाच्याही वर चढतं, मग उतरतं. फ्लोरिझिन (सोडियमबरोबर ग्लुकोज आत जाणं रोखणारं रसायन) घातल्यावर ही चढण गेली, तर तयारी वापरण्यासारखी आहे.