डिकलखालची चंदेरी झाक: १/४८ स्पिटफायरवरचा माझा अनुभव

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १/४८ प्रमाणातील मॉडेलच्या पंखांवरील वर्तुळाकार चिन्हांचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) वाळल्यावर त्यांची पारदर्शक कड चंदेरी दिसू लागली, आणि १९४१ नंतरच्या करड्या-हिरव्या रंगसंगतीवर ती फारच खटकत होती. कोमट पाण्याच्या बोळ्याने दाबून पाहिले. शेपटीवरच्या लहान डिकलवर मॅट (चकाकी नसलेले) वार्निश मारले, तर झाक तशीच राहिली. महिन्याभराच्या कामावर पाणी पडल्यासारखे वाटले.

मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असल्यामुळे डिकल केवळ उंचवट्यांवर टेकते आणि खाली अडकलेल्या हवेमुळे प्रकाश परावर्तित होतो, हे खरे कारण होते.

म्हणून बारीक सुईने झाकेच्या भागात जवळजवळ छिद्रे पाडली, पॅनेलच्या रेषांवर (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खाचांवर) धारदार पात्याने चीर दिली आणि मऊ कुंचल्याने डिकल मऊ करणारे द्रावण सोडले. या वेळी डिकल सुरकुतते, परंतु तिला मुळीच स्पर्श करू नये. वाळताना ती बहुधा आपोआप सपाट बसते. पूर्ण वाळल्यावर हीच कृती आणखी दोनदा केली, तेव्हा झाक गेली.

उरलेल्या डिकलसाठी आधी पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा म्हणून ग्लॉस (चकचकीत) वार्निशचे दोन पातळ थर देऊन ४८ तास थांबलो, ओलसर कापूसकाडीने मधून कडेकडे हवा काढली, आणि मॅट वार्निश सर्वांत शेवटी मारले.