घरी लॅटिन शिकताय? मराठी वळणाच्या या चुका टाळा

घरी लॅटिन सुरू करणाऱ्यांची वही बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बंद पडते: नामांचे प्रत्ययांनुसार जे गट पाडतात, त्यांतल्या तिसऱ्या गटापाशी. पहिले दोन गट तालावर पाठ होतात. तिसऱ्यात शब्द पहिल्या रूपात एक दिसतो आणि पुढच्या रूपांत भलताच. मग माणूस व्याकरण सोडून इंग्रजी शब्दांच्या मुळांच्या तयार याद्यांकडे वळतो. याद्या वाईट नसतात, पण त्यांच्या खाली व्याकरण नसलं की शब्द जुळवायचा नुसता खेळ होतो.

दुसरी अडचण पुस्तकांची. लॅटिनची बहुतेक पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली आहेत. विभक्ती आणि नपुंसकलिंग म्हणजे काय हे समजावण्यात त्यांची बरीच पानं खर्ची पडतात. मराठी माणसाला हे शाळेपासून येतं. त्याच्या चुका वेगळ्या असतात, म्हणून त्या पुस्तकांत त्यांचा उल्लेखही नसतो.

नामाचं एकच रूप लिहून ठेवणं

कोशात नाम दोन रूपांत दिलेलं असतं: रेक्स, रेगिस (राजा). पहिलं रूप प्रथमेचं, दुसरं षष्ठीचं. नवशिके पहिलं उतरवतात आणि दुसरं सोडून देतात. खरा शब्द दुसऱ्यात असतो. षष्ठीतला 'इस' काढला की 'रेग्' हे अंग हाती येतं आणि बाकीचे प्रत्यय त्यालाच लागतात. आपल्याकडे 'पाणी'ला प्रत्यय लावायचा तर आधी 'पाण्या' करावं लागतं, तसंच हे लॅटिनचं सामान्यरूप समजा.

इंग्रजी शब्दही बहुधा याच अंगातून निघालेत. तेम्पुस, तेम्पोरिस (काळ) यातून टेम्पररी. कोर्पुस, कोर्पोरिस (देह) यातून कॉर्पोरेशन, म्हणजे आपली महापालिकासुद्धा. इतेर, इतिनेरिस (प्रवास) यातून आयटिनररी. षष्ठी न लिहिल्याचा सगळ्यात मोठा फटका 'ओस' या शब्दात बसतो. ओस, ओरिस म्हणजे तोंड, त्यावरून ओरल. ओस, ओस्सिस म्हणजे हाड, त्यावरून वय ठरवण्यासाठी करतात ती ऑसिफिकेशन चाचणी. पहिल्या रूपात फरक फक्त स्वराच्या लांबीचा आहे.

वहीत शे-दीडशे नामं अशी अर्धवट उतरवली असतील तर सगळी पुन्हा लिहू नका. आधी फक्त 'उस'ने संपणारी तपासा, कारण ती तीन वेगवेगळ्या गटांत पडतात. दोमिनुस, दोमिनी (मालक) दुसऱ्या गटातलं. कोर्पुस, कोर्पोरिस तिसऱ्या. मोतुस, मोतूस (हालचाल) चौथ्या. त्यानंतर 'आ' किंवा 'उम' शेवटी नसलेली नामं घ्या. पुढे वहीला चार रकाने करा: कोशातली दोन्ही रूपं, लिंग, मराठी अर्थ आणि जास्तीत जास्त चार इंग्रजी वंशज. चारच्या वर गेलात की नामं राहतात बाजूला आणि वंशावळीच लिहीत बसता.

क्रियापदांना असाच नियम, फक्त रूपं चार. स्क्रीबो, स्क्रीबेरे, स्क्रिप्सी, स्क्रिप्तुम: पहिल्यातून डिस्क्राइब, चौथ्यातून डिस्क्रिप्शन. फ्रांगो, फ्रांगेरे, फ्रेगी, फ्राक्तुम (मोडणे): याच्या मूळ धातूतून फ्रॅजाइल, चौथ्या रूपातून फ्रॅक्चर. चौथं रूप माहीत नसेल तर ही दोन नात्यातली आहेत हे कळणारच नाही.

'ने' आणि 'ला' जसेच्या तसे नेणं

मराठी विभक्तीचा फायदा आहे, पण तिथेच पाय घसरतो.

'मुलाने चिठ्ठी लिहिली' याचं लॅटिन करताना हात आपोआप तृतीयेकडे जातो आणि वहीत 'पुएरो' उतरतं. चूक. बरोबर वाक्य आहे 'पुएर एपिस्तुलाम स्क्रिप्सित': मुलगा प्रथमेत, चिठ्ठी द्वितीयेत, क्रियापद मुलाप्रमाणे. मुलगे अनेक झाले की लॅटिनमध्ये 'स्क्रिप्सेरुंत' होतं. आपल्याकडे 'मुलांनी चिठ्ठी लिहिली' यात क्रियापद हलत नाही, कारण ते चिठ्ठीशी बांधलेलं असतं. लॅटिनच्या भूतकाळात हा कर्मणी प्रयोग आपोआप येत नाही, मुद्दाम करावा लागतो: 'एपिस्तुला आ पुएरो स्क्रिप्ता एस्त'. यातलं स्त्रीलिंगी 'स्क्रिप्ता' म्हणजे आपलं 'लिहिली'. उपाय सोपा आहे. भूतकाळी वाक्य आधी वर्तमानकाळात म्हणा, 'मुलगा चिठ्ठी लिहितो', कर्ता-कर्म नक्की करा आणि मगच काळ बदला.

'ला'चा घोळ दुहेरी आहे. शाळेच्या व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय 'स, ला, ते' असेच पाठ केलेले असतात. लॅटिन त्यांना वेगळं ठेवतं. 'मुलाला पाहतो' म्हणजे पुएरुम विदेओ, द्वितीया. 'मुलाला पुस्तक देतो' म्हणजे पुएरो लिब्रुम दो, चतुर्थी. उलट निर्जीव वस्तूला मराठीत 'ला' लागतच नाही. 'पुस्तक वाचतो' यात पुस्तक उघडंच असतं, म्हणून लोक 'लिबेर लेगो' लिहितात. हवं 'लिब्रुम लेगो'. सरावात ही चूक सर्वांत चिवट ठरते. प्रत्येक वाक्यात 'काय?' विचारा, उत्तराला द्वितीया लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

'शहरात आहे' आणि 'शहरात येतो' मराठीत सारखंच. लॅटिनमध्ये असणं 'इन उर्बे', येणं 'इन उर्बेम'. मुक्कामाला एक विभक्ती, आत शिरायला दुसरी.

या सगळ्यानंतर मराठीला तिचं श्रेयही द्यायला हवं. 'मला आवडतं' म्हणजे मिही प्लाकेत, 'मला दोन मुलगे आहेत' म्हणजे मिही दुओ फीलिई सुंत. दोन्हीकडे चतुर्थीच. इंग्रजीच्या वाटेने गेलात तर तिथे 'हॅव' शोधत बसाल. म्हणून वाचलेल्या वाक्याचा अर्थ मराठीतच लावा. शब्दक्रमही बहुतेक तसाच बसतो.

उच्चारांची खिचडी

तीन पद्धती प्रचलित आहेत. अभिजात, म्हणजे प्राचीन रोमन काळच्या उच्चारात 'सी' नेहमी 'क': किकेरो (आपण सिसेरो म्हणतो तो रोमन वक्ता). चर्चच्या, म्हणजे इटालियन वळणाच्या उच्चारात 'इ' आणि 'ए'पूर्वी 'च': चिचेरो. वकिलांच्या तोंडी इंग्रजी वळण: प्रीमा फाकिए (प्रथमदर्शनी) याचं 'प्रायमा फेशी'. वांद्र्याच्या किंवा वसईच्या चर्चमधली लॅटिन स्तोत्रं गायची असतील तर चर्चचा धरा, नाहीतर अभिजात. पण वर्षभर एकच. व्हिडिओ एका पद्धतीचा आणि पुस्तक दुसऱ्या पद्धतीचं, अशी जोडी असली की कान गोंधळतो. हायकोर्टात मात्र कुणी 'प्रीमा फाकिए' म्हणू नये. समोरच्याला कळणार नाही.

इंग्रजी शाळेमुळे आपण 'टी' दिसला की 'ट' म्हणतो. लॅटिनला 'त' आणि 'द' हवेत. ते आपल्याकडे आहेत, वापरा. जोडाक्षर पूर्ण दाबून म्हणा: वर्ष म्हणजे आन्नुस, त्यातला एक 'न' गिळलात तर शब्द अश्लीलतेकडे जातो.

लॅटिन देवनागरीत लिहून ठेवायची सवय मात्र लवकर सोडा. 'इ-ई', 'उ-ऊ' दाखवता येतात, पण 'ए' आणि 'ओ' यांना आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ जोडी नाही. 'तो येतो' आणि 'तो आला' ही दोन्ही रूपं देवनागरीत 'वेनित' अशीच दिसतात. दुसऱ्यातला 'ए' दीर्घ आहे. रोमन अक्षरावर आडवी रेघ देऊन लिहा. फोनच्या जीबोर्डवर स्वर दाबून धरला की रेघेचं अक्षर मिळतं; विंडोजमध्ये माओरी कीबोर्ड घ्या.

सुमोटो, बोनाफाइड आणि यमक जुळवण्याचा मोह

शाळेतून आणलेला बोनाफाइड दाखला घरात असेलच. मूळ 'बोना फिदे', म्हणजे 'चांगल्या विश्वासाने'. मराठीच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिन्हींचं काम लॅटिन एकाच विभक्तीवर भागवतं, इंग्रजीत तिला अॅब्लेटिव्ह म्हणतात. इथे तिचा अर्थ 'ने'. ग्लादिओ म्हणजे तलवारीने, रोमा म्हणजे रोमहून (शेवटचा 'आ' दीर्घ), इन उर्बे म्हणजे शहरात.

बातम्यांतलं 'सुमोटो' मूळ 'सुओ मोतू', म्हणजे स्वतःहून. 'मोटो' लिहिण्यामागे एक ठरावीक गैरसमज असतो: विशेषण आणि नाम यांचा मेळ म्हणजे शेवट सारखा. मोतुस चौथ्या गटातलं असल्याने त्याचं रूप मोतू. सुओ दुसऱ्या गटाच्या चालीवर जातं. विभक्ती, लिंग, वचन जुळतात, यमक जुळेलच असं नाही. तसंच बोनुस नाउता, चांगला खलाशी. नाउताच्या शेवटी 'आ' आहे म्हणून 'बोना' करायचं नाही, तो पुल्लिंगी आहे.

लिंगाची आणखी एक चूक मुंबईच्या जुन्या बिरुदावर तपासून पाहा: उर्ब्स प्रीमा इन इंदीस, हिंदुस्थानातलं पहिलं शहर. शहर मराठीत नपुंसकलिंगी, उर्ब्स स्त्रीलिंगी, म्हणून प्रीमा. याच उर्ब्सला 'सुब' लागून सबर्ब झालं. सरावासाठी 1869 साली सुरू झालेल्या सेंट झेवियर्स कॉलेजचं बोधवाक्यही चांगलं आहे: प्रोवोकान्स आद वोलान्दुम. वोलान्दुम म्हणजे 'उडणे' या धातुसाधित नामाचं रूप, आपल्या 'उडण्यास'मधल्यासारखं. उडण्यास उद्युक्त करणारा.

दिसायला सारखं, म्हणून नातं

लॅटिन हाबेरे आणि इंग्रजी हॅव, दोन्हींचा अर्थ 'असणे, जवळ बाळगणे'. तरीही नातं नाही. इंग्रजीच्या मूळ शब्दांतला 'ह' लॅटिनच्या 'क'शी जुळतो: कोर्नू-हॉर्न, केंतुम-हंड्रेड. त्या हिशोबाने हॅवचं भावंड कापेरे (पकडणे). असंच लॅटिन 'प'ला 'फ' (पातेर-फादर) आणि 'द'ला 'ट' (दुओ-टू). म्हणजे फादर हा शब्द लॅटिनमधून आलेला नाही, तो भाऊ आहे. लॅटिनमधून आला तो पॅटर्नल.

याच कारणाने 'लॅटिन संस्कृतातून निघालं' हा व्हॉट्सअॅपवरचा दावा टिकत नाही. दंत आणि देन्स बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या उगमातून निघाल्या असाव्यात, असं भाषापंडित विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं, ते आजही उभं आहे.

उलट बाजूची चूकही होते: दिसत नाही म्हणून नातं नाही असं धरणं. रीगल सिनेमातला रीगल आणि रॉयल ऑपेरा हाउसमधला रॉयल हे दोघेही रेगालिस (राजाचा) याचेच. रॉयल फ्रेंचमधून झिजून आला. आपला पगार पोर्तुगीज पागारमधून आला, तो पाकारे म्हणजे शांत करणे यातून, आणि इंग्रजी 'पे'ही फ्रेंच वाटेने तिथूनच. सॅलरीचा संबंध साल म्हणजे मिठाशी आहे हे खरं. सैनिकांना पगार मिठात मिळे याला मात्र प्राचीन पुरावा नाही.

उपसर्ग ओळखताना संधी आठवा. उत् + चार = उच्चार, तसंच आद + केदेरे = आक्केदेरे. अकॉमोडेशनच्या स्पेलिंगमध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम' का, हे यात आलं: आद आणि कोम असे दोन उपसर्ग एकापुढे एक आहेत. 'इन' दोन आहेत, एक नकाराचा, दुसरा 'आत'चा. टँकरवरचं इन्फ्लेमेबल दुसऱ्यातलं, म्हणजे पेट घेणारं. ते नकार समजून वाचणं धोक्याचं.

उपसर्ग लागला की मधला स्वरही बारीक होतो. कादो (पडणे) याचं 'किद' आणि काएदो (कापणे) याचं 'कीद' होतं, फरक फक्त स्वराच्या लांबीचा. म्हणून अॅक्सिडेंट पडण्यातला आणि इन्सेक्टिसाइड कापण्यातला. नुसत्या तुकड्यावरून ठरवू नका, विक्शनरीत किंवा शिकागो विद्यापीठाच्या लॉजियन या ऑनलाइन कोशात पूर्ण क्रियापद उघडा. ग्रीक तुकडेही वेगळे काढा: पेडिक्युअर लॅटिन पायाचं, पीडियाट्रिशियन ग्रीक मुलाचं.

वेळ

रोज अर्धा तास पुरतो: दहा मिनिटं मोठ्याने वाचन, दहा मिनिटं नवी रूपं, दहा मिनिटं लॅटिनचं मराठी. नवे शब्द आठ-दहा. लोकलमध्ये जुनी कार्डंच फिरवा. उभ्याने नवं व्याकरण डोक्यात शिरत नाही. मुळांचा शोध रविवारी, तोही त्या आठवड्यातल्या शब्दांपुरता.

अनेकवचनं

'मी त्या शाळेचा अॅलुम्नाय' हे चूक. एक पुरुष अलुम्नुस, एक स्त्री अलुम्ना, मिश्र गट अलुम्नी, फक्त स्त्रिया अलुम्नाए. बस हा शब्द ओम्निबुस, 'सर्वांसाठी', याची शेपटी आहे, म्हणजे निव्वळ चतुर्थी अनेकवचनाचा प्रत्यय. त्याला लॅटिन अनेकवचन जोडायला जाऊ नका. स्टेटस चौथ्या गटातलं, मोतुससारखं. त्याचं अनेकवचन 'स्टेटाय' होत नाही. लॅटिनमध्ये स्तातूस, इंग्रजीत सरळ स्टेटसेस.