साबणात सुगंधी तेल घालताना: प्रमाण, वेळ आणि बिघडलेला घाणा

कोल्ड प्रोसेसच्या, म्हणजे तेले आणि कॉस्टिक सोड्यापासून न शिजवता केलेल्या, साबणात सुगंधी तेल पडते तेव्हा कॉस्टिक सोड्याचे काम अर्धवटच झालेले असते. त्या क्षारात तेलातले काही घटक मोडतात, काही मिश्रण झरझर घट्ट करतात, तर काही साबण वाळेपर्यंत उडून जातात. बाटलीतला वास आवडला म्हणून तेल निवडले की घोटाळा ठरलेला.

इसेन्शियल ऑईलपैकी (वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांपैकी) संत्रे आणि लिंबू सर्वांत लवकर विरतात. लिंबाचाच वास हवा असेल तर गवती चहाचे तेल घ्या, त्यातला सिट्रल बराच टिकतो. लॅव्हेंडरमधला लिनालिल अ‍ॅसिटेट क्षारात मोडतो, म्हणून वाळलेल्या वडीचा वास बाटलीपेक्षा वेगळा आणि मवाळ येतो. अशा हलक्या तेलांना पॅचोली किंवा सीडरवुडची जोड द्यावी. लवंगेच्या तेलातले युजेनॉल मिश्रण पाहता पाहता घट्ट करते आणि त्वचेलाही झोंबते. ते साबणातल्या मूळ तेलांच्या (ज्यांचा साबण बनतो त्या तेलांच्या) ०.५ टक्क्यापुढे नेऊ नका.

फ्रॅग्रन्स ऑईलची (कारखान्यात बनवलेल्या सुगंधी तेलांची) चिंता वेगळी. फुलांचे वास बहुधा घाई करतात, म्हणजे मिश्रण लवकर घट्ट करतात. व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असलेले तेल ओतताना सोज्वळ दिसते, पण पुढच्या काही दिवसांत वडी बदामी ते गडद तपकिरी होते. टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाने हे थांबत नाही. पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांसाठी अर्ध्याच मिश्रणात सुगंध घातला, तरी तपकिरी रंग हळूहळू पांढऱ्यात सरकतो.

प्रमाण थेंबांत नाही, वजनात मोजा. साबणातल्या मूळ तेलांच्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे १ किलोला ३० ग्रॅम, ही चांगली सुरुवात. मात्र सुगंधी तेलासोबतच्या इफ्रा (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना) प्रमाणपत्रात साबणासाठी (वर्ग ९) याहून कमी मर्यादा असेल तर तीच पाळा. अंगावर फवारायचे परफ्यूम साबणात नकोत. त्यांतल्या अल्कोहोलने मिश्रण आवळते.

१. नवीन सुगंधी तेल आधी २०० ग्रॅम मूळ तेलांच्या छोट्या घाण्यात ६ ग्रॅम घालून पाहा. वास आणि रंग चार आठवड्यांनी ठरवा, आधी नाही.

२. सुगंधी तेल घाई करणारे असेल तर कॉस्टिक सोड्याच्या अडीच पट पाणी घ्या. पाण्यात सोडा घाला, उलटे कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा शेवटपर्यंत राहू द्या.

३. मूळ तेले आणि सोड्याचे पाणी दोन्ही ३५ ते ३८ अंश सेल्सिअसवर आणा. पाम तेल किंवा बटर जास्त असेल तर याखाली जाऊ नका; ती थिजतात आणि ट्रेस (मिश्रण दाटसर होण्याचा टप्पा) आल्याचा भास होतो.

४. तेल आणि पाणी एकजीव झाले, पृष्ठभागावर तेलाच्या रेषा उरल्या नाहीत, की ब्लेंडर बंद करा. रंग आधीच मिसळून ठेवा. सुगंध सर्वांत शेवटी घाला आणि हाताच्या व्हिस्कने ढवळा. इथे ब्लेंडर चालवणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

५. साचा शेजारीच हवा. ढवळून झाले की लगेच ओता.

एवढे करूनही बिघडले तर? मिश्रण रवाळ झाले, दाणे दिसू लागले, तर तेवढ्यापुरता ब्लेंडर फिरवा. दाणे मोडतात, नक्षी मात्र सोडून द्यावी लागते. गोळाच झाला तर भांडे गरम पाण्यावर ठेवून मंद आचेवर शिजवा. सगळे मिश्रण अर्धपारदर्शक झाले की साच्यात दाबून भरा आणि आतली हवा जाण्यासाठी साचा ओट्यावर आपटा. वडी खडबडीत येईल, पण वापरण्याजोगी असेल. साच्यात वर तेलाचे थेंब दिसले तर लगेच फेकू नका, पुष्कळदा ते एक-दोन दिवसांत परत जिरतात. तोवर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका. जिरले नाहीत आणि कापल्यावर आत द्रवाचे कप्पे दिसले, तर वजनांचा हिशेब तपासून तो घाणा पुन्हा शिजवा.