कपड्यांचे कपाट आवरताना

पावसाळ्यानंतर पुण्यातील घरांत कपाटांना कुबट वास राहतोच. म्हणून दिवाळीपूर्वी, ऑक्टोबरच्या कडक उन्हात, कपाट पूर्ण रिकामे करून दारे दिवसभर उघडी ठेवावीत. पैठणीसारख्या जरीच्या साड्या मात्र थेट उन्हात न टाकता सावलीत पसराव्यात, जुन्या घडीवर रेशीम चिरू नये म्हणून घडी बदलावी आणि मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. डांबरगोळीचा स्पर्श जरीला होऊ देऊ नये, कारण जरीचे धागे काळवंडतात. वर्षभर अंगाला न लागलेले कपडे निर्धाराने बाजूला काढावेत. जुन्या सुती साड्या गोधडीसाठी राखाव्यात, चांगले कपडे धुऊन, तुटलेली बटणे लावूनच कोणाला द्यावेत आणि उरलेले, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला दाखवावेत. पातेल्यावरून घासाघीस होणारच, तिची तयारी ठेवावी.