मटण मऊ, भाज्या मात्र अख्ख्या

डुकराचं मटण शिजेपर्यंत गाजर-बटाट्याचा लगदा होतो, आणि भाज्या जपायला जावं तर मटण चिवट राहतं. यावर इलाज साधा आहे: पातेल्याखाली लोखंडी तवा, आणि भाज्या शेवटी.

१. खांद्याचं अर्धा किलो मटण घ्या, थोडी चरबी असलेलं. नुसतं लाल मांस कोरडं पडतं. मोठे तुकडे करून मीठ, हळद, आलं-लसूण चोळा.

२. जाड बुडाच्या पातेल्यात चरबीची बाजू खाली ठेवून परता. तेल लागत नाही. सुटलेल्या चरबीतच कांदा तांबूस होतो.

३. मटण जेमतेम बुडेल इतकं गरम पाणी घाला. उकळी आली की खाली तवा सरकवा आणि गॅस अगदी बारीक करा. वर खोलगट ताट झाका, त्यात पाणी. रस्सा आटला तर ताटातलंच कढत पाणी आत ओता, गार पाणी कधीच नको. रस्सा रटरटता कामा नये. कडेला एखादाच बुडबुडा फुटत राहावा.

४. दीड-दोन तासांनी सुरी सहज शिरली की गाजर-बटाटा घाला. साताऱ्याच्या मंडईत महाबळेश्वरची गाजरं दिसली तर तीच घ्या, गोडीला फार छान. 15 मिनिटांनी कोबी आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी, मग आणखी 10 मिनिटं.

उरलेला रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने सहज निघते.