बेळगावहून कुर्मगडला: बेटावर तंबू टाकून रात्र कशी काढायची

खानापूर, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट उतरून कद्र्यावरनं कारवार. काळी नदी समुद्राला मिळते तिथं उभं राहिलं की बाहेर पाण्यात कासवाच्या पाठीसारखं बेट दिसतंय बघा, तेच कुर्मगड.

आधी फोनाफोनी करा. बेटावर मुक्कामाला परवानगी आहे का ते कारवारातच विचारून पक्कं करायचं, नसेल तर देवबागच्या सुरूच्या बनात रिसॉर्ट आहे, तिथं राहून दिवसा बेट बघून या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, पावसाळ्यात नावच काढू नका.

बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही आणि माणसं जास्त वाटली तर सरळ उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. २१ जानेवारी २०१९ ला बेटावरच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली, डझनाच्या वर माणसं गेली, त्यात लहान पोरं पण होती. हे मी प्रत्येकाला सांगतोय.

आता भरती. आपण घाटावरची माणसं, आपल्याला हे कळत नाही. कॅलेंडरात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा, म्हणजे चतुर्थीला साधारण तीनला, अष्टमीला सहाला पाणी पूर्ण चढणार, दिवसा एकदा आणि बारा-साडेबारा तासांनी परत एकदा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर येतं. मी पहिल्यांदा गेलो ते नेमकं पौर्णिमेला, चांदणं बघायचं म्हणून, तंबू पाण्याजवळ टाकला आणि रात्री बारा वाजायच्या आत अंथरुणाखाली थंडगार पाणी! तेव्हा वाळूवर काटक्या, शिंपल्या, शेवाळ यांची जी सुकलेली रेघ असते ना, तिच्या बऱ्यापैकी वर तंबू टाकायचा. साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, तांदळाची रिकामी पोती न्या, वाळू भरून दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा, वारा कितीही सुटू दे हलणार नाही.

पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर. जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणचं, दोन दिवस काही होत नाही आणि चूल पेटवायची गरजच नाही. कुंदा मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, खेकडे आणि मुंग्या सोडत नाहीत.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, पाकट नावाची चपटी मासळी वाळूत दबून बसलेली असते आणि तिच्या शेपटीचा काटा लै वाईट. किनाऱ्याला साप पडलेला दिसला तर मेलाय असं समजून काठीनं पण हलवू नका, समुद्री साप विषारी असतात. सकाळी डॉल्फिन दिसतात, बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगा, ते आपणहून जवळ येतात.

आणि कासवं. थंडीत या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली रात्री अंडी घालायला येतात, एका खड्ड्यात शंभरच्या आसपास. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी दिसली की तिथनं लांब व्हा, टॉर्च बंद, मोबाईलचा फ्लॅश तर अजिबात नको, उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते. वन खात्याला कळवा. निघताना तंबूसाठी खणलेले सगळे खड्डे बुजवा, समुद्राकडं निघालेलं पिल्लू त्यात पडलं की त्याला वर येता येत नाही.