डॉमिनिकाच्या सहलीची आखणी करताना या चुका टाळा

जुलै २०२३मध्ये यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणात १७१ धावा काढल्या, ते विंडसर पार्क मैदान रोझो या शहरात आहे आणि रोझो ही डॉमिनिका या देशाची राजधानी आहे. कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध वसलेला हा देश सुमारे ७५० चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा आहे, आणि त्याची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे. बेटावर पोहोचलेल्या माणसाचे तिथे फारसे काही बिघडत नाही. सहल फसते ती बहुतेक वेळा घरी बसून तिकीट काढताना.

नावाचा घोळ

डॉमिनिकन रिपब्लिक हा निराळा, आकाराने कितीतरी मोठा आणि स्पॅनिश बोलणारा देश आहे. पुंता काना आणि सांतो डोमिंगो ही ठिकाणे तिथली. संकेतस्थळांवर शोध घेताना दोन्ही देशांची हॉटेले सरमिसळ होऊन समोर येतात. त्यातच एक गंमत अशी की डॉमिनिकाच्या डग्लस-चार्ल्स विमानतळाचा तीन अक्षरी संकेत ‘डीओएम’ आहे, तर देशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हीच तीन अक्षरे डॉमिनिकन रिपब्लिकला दिलेली आहेत आणि डॉमिनिकाच्या वाट्याला ‘डीएमए’ आली आहेत. त्यामुळे विमानाच्या तिकिटावर ‘डीओएम’ दिसले तर ते बरोबर समजावे, पण व्हिसा किंवा विम्याच्या अर्जात देश निवडताना तीच अक्षरे दिसली तर थांबून पूर्ण नाव वाचावे. पैसे भरण्यापूर्वी पत्त्यात रोझो, पोर्ट्समथ, मॅरिगॉट किंवा कॅलिबिशी यांपैकी एखादे गाव आहे का, हे पाहिले तरी निम्मा धोका टळतो.

व्हिसा देशाचा पाहिला, वाटेचा नाही

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी डॉमिनिकाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, हे वाचून मंडळी निश्चिंत होतात. मात्र मुंबईहून डॉमिनिकाला थेट विमान नाही. वाटेत दोन, क्वचित तीन ठिकाणी विमान बदलावे लागते आणि त्या प्रत्येक ठिकाणाचे नियम स्वतंत्र असतात. मियामीहून डॉमिनिकाला डिसेंबर २०२१पासून थेट विमानसेवा आहे, पण अमेरिकेत केवळ विमान बदलणाऱ्या प्रवाशालाही इमिग्रेशनमधून जावे लागते, म्हणून तिथला वैध व्हिसा हवाच. प्वेर्तो रिकोतील सान हुआनमार्गे गेले तरी ती अमेरिकेचीच भूमी असल्याने नियम तोच लागू होतो. लंडनला थेट पुढचे विमान पकडायचे असले तरी भारतीय प्रवाशाला साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा अशा काही देशांचे व्हिसा असणाऱ्यांना त्यात सवलत आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरून पुढचे विमान तिथल्याच गॅटविक या दुसऱ्या विमानतळावरून धरायचे असेल, तर प्रकरण आणखी वेगळे होते, कारण त्यासाठी प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो.

पॅरिसमार्गे ग्वादलूप आणि तिथून फेरीबोटीने रोझो हा मार्ग नकाशावर फार सोपा दिसतो. ग्वादलूप आणि मार्टिनिक ही फ्रान्सची अंगे असली तरी शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहेत, त्यामुळे पासपोर्टवर नेहमीचा शेंगेन व्हिसा असला म्हणजे झाले, असे इथे होत नाही. त्या प्रदेशांसाठी वेगळा फ्रेंच व्हिसा काढावा लागतो. बार्बाडोसला भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, अँटिग्वात प्रवेश करायचा असेल तर लागतो. हे नियम बदलत असल्याने तिकीट काढण्याच्या आठवड्यातच ते त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत. माझ्या मते अमेरिकेचा व्हिसा हाती असेल त्याने मियामीचा विचार करावा आणि नसेल त्याने लंडन व बार्बाडोस या मार्गाची आधी चौकशी करावी. न्यू जर्सी किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, पासपोर्ट भारतीय असला तरी, ही अडचण बहुधा जाणवणार नाही.

स्वस्त म्हणून सुटी तिकिटे

लंडनपर्यंत एक, बार्बाडोसपर्यंत दुसरे आणि पुढच्या छोट्या विमानाचे तिसरे, अशी वेगवेगळी तिकिटे काढली की पहिले विमान रखडल्यास पुढच्या कंपनीवर तुम्हाला नेण्याचे बंधन राहत नाही. शिवाय सामान शेवटच्या ठिकाणापर्यंत परस्पर जाईलच असे नसते. ते घेण्यासाठी बाहेर यावे लागते आणि बाहेर यायचे म्हणजे पुन्हा प्रवेशाचा व्हिसा आलाच. शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. ते जमत नसेल, तर शेवटच्या टप्प्याआधी बार्बाडोसला एक रात्र मुद्दाम राखून ठेवावी आणि परतीच्या वाटेवरही तेवढीच सवड ठेवावी. त्रिनिदादमध्ये मुक्काम करण्याचा मोह झाला, तर भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, हे लक्षात असू द्यावे. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते.

पांढऱ्या वाळूची अपेक्षा

कॅरिबियन म्हटले की पांढरी वाळू डोळ्यांपुढे येते. डॉमिनिका हे ज्वालामुखीतून उभे राहिलेले डोंगराळ बेट आहे. तिथले किनारे बहुतांशी काळ्या वाळूचे किंवा दगडगोट्यांचे आहेत, आणि मोर्न दियाब्लोतिन हे सर्वोच्च शिखर १,४४७ मीटरचे आहे. निव्वळ समुद्रस्नानासाठी जायचे असेल तर बार्बाडोसलाच थांबावे, हे मी स्पष्टपणे सांगेन. इथे यायचे ते रानासाठी, धबधब्यांसाठी, वर्षभर दिसणाऱ्या स्पर्म व्हेल देवमाशांसाठी, आणि उकळत्या तळ्यासाठी. मोर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानातील या तळ्याकडे जाण्याची वाट लोदा गावाजवळून सुरू होते, गंधकाच्या वाफा सोडणाऱ्या ओसाड दरीतून जाते आणि जाऊन-येऊन सहा-सात तास घेते. ‘सह्याद्रीत फिरलो आहोत, वाटाड्या कशाला’ हा विचार इथे उपयोगाचा नाही, कारण ओल्या निसरड्या वाटेवर धुके उतरते आणि पातळ कवचाखाली उकळते पाणी असू शकते. या वाटेला पूर्ण दिवस द्यावा, पहाटे निघावे आणि दुसऱ्या दिवशी काही ठरवू नये. आखणीत अंतर किलोमीटरांत मोजणे हीही त्याच जातीची चूक आहे: विमानतळ ईशान्येला, रोझो नैर्ऋत्येला, आणि मधल्या घाटरस्त्याला तासाहून अधिक वेळ लागतो.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. १८ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या ‘मारिया’ या पाचव्या श्रेणीच्या वादळाने बेटावरील बहुतेक घरांची छपरे उडवली होती. फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने त्यातल्या त्यात कोरडे असतात, तरी अंतर्भागात पाऊस आंबोलीसारखा केव्हाही गाठतो. ऑक्टोबरअखेरच्या क्रिओल संगीत महोत्सवासाठी जाणार असाल, तर विम्यात वादळामुळे रद्द झालेला प्रवास आणि रुग्णाला दुसऱ्या बेटावर हलवण्याचा खर्च, हे दोन्ही शब्दशः लिहिलेले आहेत याची खात्री करावी.

बेटावरचे किरकोळ अडथळे

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर आहे आणि एका अमेरिकी डॉलरला २.७० हा त्याचा दर १९७६पासून स्थिर आहे. दुकानात ‘वीस डॉलर’ सांगितले की कोणते, ते विचारावे. वाहने डावीकडून चालतात, पण भाड्याच्या गाडीसाठी स्थानिक तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. ‘एच’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या छोट्या बस स्वस्त असल्या तरी संध्याकाळी विरळ होतात आणि रविवारी त्यांच्या भरवशावर काहीच ठरवू नये. लष्करी छापाचे कपडे नागरिकांना घालता येत नाहीत, मग ती लहान मुलाची टोपी का असेना.

शाकाहारी मंडळी खाण्याच्या धास्तीने निम्मी बॅग थेपल्या-चिवड्याने भरतात, ते अनावश्यक आहे. तिथला कालालू हा राष्ट्रीय पदार्थ अळूच्या पानांचाच असतो, म्हणजे आपल्या फदफद्याचा दूरचा भाऊ. मात्र त्यात खेकडा किंवा खारवलेले मांस बहुधा पडते, म्हणून आधी विचारावे. नीरफणस, केळी आणि अळकुड्या सर्वत्र मिळतात, आणि रास्ताफारी या पंथाच्या लोकांचे ‘आयटल’ जेवण साधारणपणे पूर्ण शाकाहारी असते. ‘माउंटन चिकन’ हे नाव कुठे ऐकू आले तर ती कोंबडी नसून एक मोठा बेडूक आहे. तो आता अतिशय दुर्मीळ झाल्याने त्याच्या शिकारीवर बंदी आहे.

परतीचे विमान सकाळचे असेल तर शेवटची रात्र रोझोला काढू नये. जोरदार पावसात घाटात दरड कोसळली की विमानतळाचा रस्ता काही तास बंद राहू शकतो. कॅलिबिशी किंवा मॅरिगॉट इथे खोली घ्यावी. तिथून विमानतळ जवळ आहे, आणि पाऊस पडलाच तर तो खिडकीतून बघता येतो.